फासे एकाच्या हाती, बुद्धी दुसऱ्याची

संगणकाशी बॅकगॅमन खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी एक तक्रार येते : ‘याला नेमके हवे तेच दान कसे पडते?’ आपली एखादी सोंगटी क्षणभर उघडी पडावी आणि समोरच्या यंत्राला तिला मारणारेच दान पडावे, असे दोन-चार वेळा घडले की संशय मनात घर करतो. फासे टाकणारा संगणक, खेळणारा संगणक आणि गुण मोजणाराही तोच; मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर? बुद्धिबळात असा संशय कोणी घेत नाही. तेथे सारे काही पटावर उघड मांडलेले असते. फाशांच्या खेळात मात्र फासे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. द्यूतसभेत पण लावला दुर्योधनाने आणि फासे टाकले शकुनीने, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

बॅकगॅमनच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर कल्पना म्हणून अगदी साधे आहे. पट मांडणे, फासे टाकणे, नियम पाळणे आणि गुण मोजणे ही कामे एका आज्ञावलीकडे द्यायची; चाल ठरविणारी बुद्धी, म्हणजेच ‘इंजिन’, तिच्यापासून वेगळे ठेवून बाहेरून जोडायचे. घरातल्या मिक्सरची मोटर तीच राहते आणि भांडी बदलतात. येथे भांडे तेच राहते आणि मोटर बदलता येते. अशा जोडता-काढता येणाऱ्या इंजिनामुळे फाशांविषयीचा संशय पुष्कळसा दूर होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एका यंत्राचे मत दुसऱ्या यंत्राकडून तपासून घेता येते. बुद्धिबळात ही व्यवस्था केव्हाच रूढ झाली. बॅकगॅमनमध्ये ती अर्धवट राहिली आणि त्याची किंमत हा खेळ आजही मोजतो आहे.

बॅकगॅमन आपल्या सारीपाटाची आठवण करून देणारा, पण निराळा खेळ आहे. पटावर २४ त्रिकोणी घरे, दोघांकडे प्रत्येकी १५ सोंगट्या आणि दोन फासे. दोघेही परस्परविरुद्ध दिशांनी आपल्या सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणतात आणि तेथून पटाबाहेर काढतात. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो जिंकला. एखाद्या घरातील एकटी सोंगटी उघडी समजली जाते. प्रतिस्पर्धी तेथे पोहोचला की ती मरते आणि तिला पुन्हा आरंभापासून प्रवास करावा लागतो. दोन किंवा अधिक सोंगट्या असलेले घर मात्र प्रतिस्पर्ध्याला बंद. इराणात याच कुळातला खेळ ‘नर्द’ या नावाने प्राचीन काळापासून खेळला जातो. हिंदुस्थानच्या राजाने बुद्धिबळाचा पट कोडे म्हणून पाठविला, तेव्हा बुझुर्गमिहिर या मंत्र्याने ते सोडविले आणि उत्तरादाखल नर्द रचला, अशी कथा पहलवी भाषेतील एका जुन्या ग्रंथात आहे. कथा खरी असो वा नसो, दोन खेळांतला भेद तिने अचूक हेरला आहे. एकात सारी भिस्त बुद्धीवर, तर दुसऱ्यात दैवाचाही वाटा.

या जुन्या खेळाला १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एक नवी जोड मिळाली, ती दुप्पटीच्या फाशाची. डाव आपल्या बाजूने झुकला आहे असे वाटल्यास खेळाडू आपल्या पाळीला, दान टाकण्यापूर्वी, डावाची किंमत दुप्पट करण्याचे आव्हान देऊ शकतो. समोरच्याने ते नाकारले तर तो तेथेच एक गुण गमावतो. स्वीकारले तर डाव दोन गुणांचा होतो आणि पुढच्या दुप्पटीचा हक्क त्याच्याकडे जातो. आव्हान केव्हा स्वीकारावे? हिशेब सोपा आहे. अशाच चार डावांत आव्हान नाकारले तर चार गुण जातात. चारही स्वीकारून एक जिंकला आणि तीन हरले, तर दोन गुण मिळतात, सहा जातात. म्हणजे तोटा पुन्हा चारच. तेव्हा जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक असेल तर ढोबळमानाने स्वीकारणेच हिताचे. पण ती शक्यता २३ टक्के आहे की २७, हे पटाकडे पाहून सांगायचे कोणी? संगणकाच्या इंजिनाचे खरे काम येथे सुरू होते.

मॉन्टे कार्लोचा सामना

जुलै १९७९ मध्ये मॉन्टे कार्लो येथे लुइजी व्हिला हा नुकताच जगज्जेता झालेला इटालियन खेळाडू एका यंत्रासमोर बसला. यंत्रमानव मॉन्टे कार्लोत, त्याची बुद्धी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संगणकात आणि दोघांमधला दुवा उपग्रहाचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे हान्स बर्लिनर यांनी लिहिलेल्या ‘बीकेजी ९.८’ या आज्ञावलीने व्हिलाला ७-१ असे हरविले. कोणत्याही पटावरच्या खेळात विद्यमान जगज्जेत्याने यंत्राकडून हार खाण्याची ही पहिली वेळ होती. बर्लिनर स्वतः टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे माजी जगज्जेते. त्यांनी नंतर सामन्यातील चालींची तपासणी केली, तेव्हा अधिक अचूक खेळ माणसाचा होता आणि दान यंत्राच्या बाजूने पडले होते, असे आढळले. स्वतःच्या विजयाविषयी इतके प्रांजळ लिहिणारे थोडेच. एका छोट्या सामन्यावरून बॅकगॅमनमध्ये श्रेष्ठ कोण हे ठरत नाही, हेही त्यातून दिसले. हे तत्त्व पुढे इंजिनांची तुलना करताना पुन्हा भेटणार आहे.

बुद्धिबळाच्या यंत्रांनी पुढच्या असंख्य चाली मोजून यश मिळविले. बॅकगॅमनमध्ये तो मार्ग लवकर खुंटतो. दोन फाशांची वेगवेगळी दाने २१ आणि प्रत्येक दानाला सरासरी सुमारे २० चाली शक्य. म्हणजे एकच पाळी पुढे पाहायची तर चारशेच्या घरात फाटे फुटतात. बुद्धिबळात हा आकडा ३० ते ४० असतो. म्हणून बॅकगॅमनच्या यंत्राला दूरवर पाहण्यापेक्षा समोरची स्थिती पाहून ‘हिचे मोल किती?’ हे ताबडतोब ओळखता यावे लागते. मुरलेला व्यापारी माल हातात घेऊन भाव सांगतो, तसे.

ही पारख यंत्राला शिकविण्याचे श्रेय आयबीएमच्या प्रयोगशाळेतील जेराल्ड टेसॉरो यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘न्यूरोगॅमन’ या आज्ञावलीने १९८९ मध्ये लंडनच्या संगणक ऑलिंपियाडमध्ये बॅकगॅमनचे विजेतेपद मिळविले. ती तज्ज्ञ माणसांच्या चाली पाहून शिकली होती. त्यानंतरच्या ‘टीडी-गॅमन’ने गुरू करण्याचेच टाळले आणि स्वतःशी खेळत खेळाचे शिक्षण घेतले. रिचर्ड सटन यांनी १९८८ मध्ये मांडलेली एक पद्धत तिच्या मुळाशी होती. क्रिकेटचा एकदिवसीय सामना पाहणारा रसिक प्रत्येक षटकानंतर मनाशी अंदाज करतो : आता भारताची जिंकण्याची शक्यता साठ टक्के, आता पंचेचाळीस. एकतिसाव्या षटकानंतरचा अंदाज तिसाव्यानंतरच्या अंदाजापेक्षा फार वेगळा असेल तर आधीच्या अंदाजात काहीतरी चुकले असण्याचा संभव आहे; ती चूक सुधारण्यासाठी सामना संपण्याची वाट पाहावी लागत नाही. टीडी-गॅमनच्या न्यूरल जाळ्यात पटाची स्थिती १९८ आकड्यांच्या रूपाने शिरे. प्रत्येक चालीनंतर लागोपाठच्या दोन अंदाजांतला फरक पाहून जाळ्यातील वजने किंचित हलविली जात. १९९२ च्या सुमाराची पहिली आवृत्ती ३ लाख डाव स्वतःशी खेळली होती, पुढची एक १५ लाख. त्या आवृत्तीने बिल रॉबर्टी या दोन वेळच्या जगज्जेत्याशी ४० डाव खेळून अवघ्या एका गुणाने हार पत्करली.

यंत्राने माणसांनाही काही शिकविले. डावाच्या आरंभी २-१, ४-१ किंवा ५-१ असे दान पडले, तर एकचा उपयोग करून आपल्या पाचव्या घरात एक सोंगटी उघडी ठेवायची, अशी तज्ज्ञांची जुनी रीत होती. पुढच्या पाळीला ते मोक्याचे घर पक्के करता येईल, हा त्यामागचा हेतू. पण ३६ पैकी १५ दानांनी ती सोंगटी मरते. टीडी-गॅमनने ही जोखीम नाकारून मागच्या दोन सोंगट्यांपैकी एक घरभर पुढे सरकविणे पसंत केले. तज्ज्ञांनी तपासून पाहिले, मान डोलावली आणि स्पर्धांमधून जुनी रीत बघता बघता मागे पडली.

जोडणी कोठे करायची?

टीडी-गॅमन लोकांच्या हाती आले ते आयबीएमच्या ओएस/२ प्रणालीसाठीच्या एका खेळसंचातून. पट, फासे, बुद्धी सारे एकत्र बांधलेले. त्यानंतरच्या व्यापारी आज्ञावल्यांचीही रचना तशीच होती. नॉर्वेतील फ्रेड्रिक डाल यांचे ‘जेलीफिश’ १९९० च्या दशकाच्या मध्यास आले, १९९८ मध्ये ‘स्नोई’ आले आणि २००९ मध्ये ‘एक्स्ट्रीम गॅमन’. प्रत्येकाची बुद्धी आधीच्यापेक्षा सरस आणि प्रत्येकाची पेटी कुलूपबंद. एक आज्ञावली मागे पडली की तिच्यासोबत तिची पारखही मागे पडली. दुसऱ्या पटाला ती जोडता येण्याची सोय नव्हती.

याला एक छोटा, पण मोलाचा अपवाद खुद्द टेसॉरो यांनीच केला. १९९३ मध्ये त्यांनी ‘पबइव्हॅल’ नावाची पारख करणारी लहानशी संहिता सर्वांसाठी खुली केली. तिचे काम एवढेच : पटाची स्थिती २८ आकड्यांत द्यायची, म्हणजे चोवीस घरे, दोघांच्या मेलेल्या सोंगट्या आणि दोघांच्या बाहेर काढलेल्या सोंगट्या, तिने एक आकडा परत करायचा. शक्य त्या सर्व चाली करून पाहायच्या आणि ज्या स्थितीला सर्वांत मोठा आकडा मिळेल ती चाल खेळायची. पबइव्हॅल फार बलवान नव्हती. पण कोणीही ती आपल्या आज्ञावलीला जोडू शके, त्यामुळे नव्या इंजिनाची ताकद मोजण्याचा ती सर्वमान्य गज झाली. आजही एखादा विद्यार्थी न्यूरल जाळे शिकवून बॅकगॅमन खेळवू लागला की आधी पबइव्हॅलला हरविण्याचा प्रयत्न करतो.

इंजिन वेगळे काढायचे तर सुरी नेमकी कोठे चालवायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. एक मार्ग पबइव्हॅलचा. बाहेरून फक्त पारख जोडायची. पुढे किती पाळ्या पाहायच्या, दुप्पट केव्हा करायची, हे सारे यजमान आज्ञावलीने ठरवायचे. दुसरा मार्ग संपूर्ण खेळाडूच बाहेर ठेवण्याचा. त्याला पट, दान आणि गुणसंख्या कळवायची आणि त्याने चाल कळवायची. या दुसऱ्या मार्गाची भाषा एका अनपेक्षित ठिकाणी घडली. १९९२ मध्ये आन्ड्रेआस श्नायडर यांनी इंटरनेटवर बॅकगॅमन खेळण्यासाठी ‘फिब्स’ ही सेवा सुरू केली. त्या काळी चित्रमय पडदा सर्वांकडे नव्हता. सेवा अक्षरांतून चाले. संपूर्ण पट एका ओळीत लिहून पाठविला जाई : खेळाडूंची नावे, सामना किती गुणांचा, कोणाचे किती गुण, प्रत्येक घरातील सोंगट्या, पडलेले दान, दुप्पटीच्या फाशाचा आकडा आणि तो कोणाकडे आहे, हे सारे अपूर्णविरामांनी तोडलेले. हळूहळू माणसांच्या जोडीला यंत्रेही या सेवेत खेळाडू म्हणून दाखल झाली. बुद्धी त्यांच्या मालकाच्या संगणकात, पण फासे टाकणारी सेवा त्रयस्थ. यंत्राला पुढचे दान आधी कळण्याची सोयच उरली नाही. गंमत अशी की ‘फासे खोटे आहेत’ ही तक्रार तेथेही थांबली नाही. आता ती सेवेविरुद्ध होऊ लागली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गॅरी वाँग यांनी आरंभ केलेल्या ‘ग्नू बॅकगॅमन’ने या दोन्ही मार्गांचा लाभ घेतला. अनेक देशांतील स्वयंसेवकांनी वाढविलेली ही आज्ञावली विनामूल्य आहे आणि तिची संहिता खुली आहे. ग्नूमध्ये दोहोंपैकी कोणत्याही खेळाडूच्या जागी ‘बाह्य’ खेळाडू नेमता येतो. समजा ३-१ असे दान पडले. ग्नू फिब्सच्या धाटणीची एक ओळ बाहेरच्या आज्ञावलीकडे पाठविते. ती विचार करून ‘८/५ ६/५’ असे उत्तर देते, म्हणजे आठव्या आणि सहाव्या घरातील एकेक सोंगटी पाचव्यात आणून ते पक्के करायचे. आव्हान दिले गेले तर उत्तर ‘स्वीकार’ किंवा ‘नकार’. पलीकडची आज्ञावली त्याच संगणकावर असो की समुद्रापार, ग्नूला फरक पडत नाही. उलट ग्नूलाही दुसऱ्या पटासाठी इंजिन म्हणून कामाला लावता येते.

पारखीच्या पातळीवरही ग्नूची रचना बोलकी आहे. तिच्या जाळ्यांची वजने मूळ संहितेत कोरलेली नसून एका वेगळ्या फाइलीत असतात. जाळीही एक नव्हे, तीन : दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकमेकांत गुंतल्या असतील तेव्हाचे एक, एखाद्याची मांडणी ढासळली असेल तेव्हाचे दुसरे आणि निव्वळ शर्यत उरली असेल तेव्हाचे तिसरे. प्रत्येक जाळे पाच शक्यता सांगते : साधा विजय, दुहेरी विजय, तिहेरी विजय, दुहेरी पराभव आणि तिहेरी पराभव. मूळ लेखकांनंतर आलेल्या योगदात्यांनी अधिक चांगली वजने तयार केली, तेव्हा फाइल बदलली आणि बाकीचे यंत्र होते तसेच राहिले.

मग सर्वांनी हाच मार्ग का धरला नाही? एक अडचण वेगाची. चांगले इंजिन एका चालीसाठी हजारो स्थितींची पारख करते. कठीण स्थितीचा निकाल लावण्यासाठी तीच स्थिती शेकडो वेळा शेवटपर्यंत खेळवून पाहतात. १,२९६ वेळा, म्हणजे ३६ गुणिले ३६, हा त्यातला रूढ आकडा. प्रत्येक पारखीसाठी बाहेर निरोप पाठवून उत्तराची वाट पाहायची म्हटले तर रात्र सरेल. म्हणून पारख जोडायची तर ती यजमानाच्या स्मृतीतच आणून बसवावी लागते. पण तसे केले की दुसरेच संकट उभे राहते. एकाच स्मृतीत राहणारे परके इंजिन मनात आणले तर फासे निर्माण करणाऱ्या सूत्राची अवस्थाही वाचू शकते. ग्नूमध्ये फाशांसाठी जे पर्याय आहेत, त्यांपैकी ‘मर्सेन ट्विस्टर’ हे सूत्र आकडेवारीच्या कसोटीला उत्तम उतरते; पण त्याचे लागोपाठचे ६२४ पूर्ण आकडे कळले तर पुढचे सारे आकडे गणिताने काढता येतात. दानावरून त्या आकड्यांचा फार थोडा अंश कळतो, म्हणून बाहेर बसलेल्याला हे साधणे कठीण. आत बसलेल्याला मात्र हिशेब करण्याचीही गरज नाही. तो सरळ पुढचे पान उलटून पाहील. वेग हवा तर इंजिन आत घ्यावे लागते आणि खात्री हवी तर बाहेर ठेवावे लागते, असा हा पेच आहे.

ज्यांचा संशय तरीही फिटत नाही, त्यांच्यासाठी ग्नूमध्ये एक अगदी घरगुती उपाय आहे. खरे फासे घ्यायचे, टेबलावर टाकायचे आणि पडलेले दान आज्ञावलीला सांगायचे. असे करून पाहणाऱ्या अनेकांना धक्का बसतो, कारण यंत्राला तरीही ‘हवे तेच’ दान पडत राहते. याचे कारण पटावर असते. निष्णात खेळाडू आपल्या सोंगट्या अशा ठेवतो की ३६ पैकी जास्तीत जास्त दाने त्याला उपयोगी पडावीत. प्रतिस्पर्ध्याची उघडी सोंगटी सहा घरे दूर असेल तर ३६ पैकी १७ दानांनी ती मारता येते. सात घरे दूर असेल तर केवळ सहा दानांनी. एका घराच्या अंतराने शक्यता जवळजवळ तिपटीने बदलते. पॉल मॅग्रिएल यांच्या १९७६ च्या ‘बॅकगॅमन’ या ग्रंथात याची उत्तम चर्चा आहे. प्रतिस्पर्ध्याला दोन कामांसाठी एकच आकडा लागावा आणि आपल्याला मात्र निरनिराळे आकडे चालावेत, अशी मांडणी करणाऱ्याचे दैव बाहेरून नेहमीच बलवत्तर दिसते. नवशिका आपली सोंगटी सहाव्या घरावर सोडतो आणि शिव्या फाशांना देतो.

दोन इंजिनांत सरस कोण हे ठरविण्यासही वेगळे काढलेले फासेच उपयोगी पडतात. त्रयस्थ आज्ञावली एकच दानमाला दोनदा वापरते. पहिल्यांदा ‘अ’ पांढऱ्या सोंगट्या घेतो, दुसऱ्यांदा ‘ब’. दैवाचा वाटा त्यामुळे बराच घटतो. तरीही विश्वसनीय निष्कर्षासाठी हजारो डाव खेळवावे लागतात. मॉन्टे कार्लोच्या ७-१ चे वजन किती, हे यावरून ध्यानात यावे.

एकच पंच

बुद्धिबळात टिम मान यांच्या ‘एक्सबोर्ड’ने १९९० च्या दशकातच पट आणि इंजिन यांची फारकत रूढ केली. २००० मध्ये रुडॉल्फ ह्यूबर आणि श्टेफान मायर-काहलेन यांनी ‘यूसीआय’ ही सामाईक भाषा ठरविली. तेव्हापासून कोणीही इंजिन लिहावे आणि कोणत्याही पटाला जोडावे. २०१८ मध्ये ‘लीला’ हे स्वतःशी खेळून शिकलेले इंजिन आले, तेव्हा बुद्धिबळपटूंना नवे काही विकत घ्यावे लागले नाही. जुन्याच पटाला नवी बुद्धी जोडली गेली. विशेष म्हणजे स्वतःशी खेळून शिकण्याची ही वाट ज्याने पंचवीस वर्षे आधी यशस्वी करून दाखविली, तो बॅकगॅमनच अशा सामाईक भाषेपासून वंचित राहिला.

बाजार लहान होता आणि जो तो आपली बुद्धी आपल्याच पेटीत विकू पाहत होता, हे खरेच. पण खेळाच्या स्वभावातही कारणे आहेत. सामना किती गुणांचा आहे आणि कोणाचे किती झाले, यावर दुप्पटीचा निर्णय बदलतो. त्यासाठी प्रत्येक गुणस्थितीत सामना जिंकण्याची शक्यता सांगणारे कोष्टक लागते आणि अशी कोष्टके एकाहून अधिक प्रचारात आहेत. इंजिनाने स्वतःचे कोष्टक वापरायचे की यजमानाचे? मोजण्याच्या पद्धतीतही एकवाक्यता नाही. पुढे न पाहता केलेल्या पारखीला ग्नूमध्ये ‘शून्य पातळी’ म्हणतात, तर स्नोई आणि एक्स्ट्रीम गॅमनमध्ये तीच ‘पहिली पातळी’ ठरते. ग्नूची दुसरी म्हणजे इतरांची तिसरी. परिभाषेत इतका घोळ असताना सामाईक भाषा घडणे अवघडच होते. शिवाय अभ्यासू खेळाडूला नुसती चाल पुरत नाही. ती दुसरीपेक्षा किती सरस, हे त्याला आकड्यांत हवे असते. केवळ चाल सांगणारे बाहेरचे इंजिन प्रतिस्पर्धी म्हणून चालते, शिक्षक म्हणून अपुरे पडते.

याचा परिणाम असा झाला की मोठ्या स्पर्धांतील डाव चित्रित करून नंतर मुख्यत्वे एकाच आज्ञावलीत, एक्स्ट्रीम गॅमनमध्ये, घातले जातात आणि तिच्या मतापासून खेळाडू सरासरी किती ढळला यावरून त्याचा दर्जा आकड्यात सांगितला जातो. खेळाडूंची प्रतिष्ठा या आकड्यावर तोलली जाते. पंच उत्तम आहे यात शंका नाही. पण त्याच्यावर अपील करायला दुसरा पंच हवा. न्यूरल जाळ्यांची पारख सर्वच स्थितींत सारखी भरवशाची नसते. प्रतिस्पर्ध्याच्या घरात दोन जुनी घरे धरून शेवटपर्यंत दबा धरण्याचा खेळ, किंवा समोरासमोर उभ्या दोन लांबलचक भिंतींचा खेळ, अशा क्वचित येणाऱ्या स्थितींत ती चुकतात हे जाणकारांना ठाऊक आहे. स्वतःशी खेळून शिकणाऱ्या यंत्राला ज्या स्थिती फारशा भेटल्याच नाहीत, तेथे त्याची पारख कच्ची राहणार. ती वेगळ्या तऱ्हेने शिकलेल्या इंजिनासमोर ठेवली तरच चूक उघडी पडण्याची आशा.

सामाईक भाषा इंजिनांसाठी झाली नाही, स्थितींसाठी मात्र झाली. ग्नूने सोंगट्यांची कोणतीही मांडणी अवघ्या १४ अक्षरांत लिहिण्याची युक्ती रूढ केली. एक्स्ट्रीम गॅमनची अशीच एक खूण दुप्पटीचा फासा आणि गुणसंख्याही सोबत सांगते. त्यामुळे आज वादग्रस्त स्थिती सापडली की खेळाडू ही अक्षरे एका आज्ञावलीतून उचलतात, दुसरीत टाकतात आणि दोन्हींना १,२९६ डाव खेळायला लावून थांबतात. यंत्रांना परस्परांशी बोलता येत नसल्याने निरोप्याचे काम अजून माणूसच करतो आहे. बहुतेक वेळा दोन्ही उत्तरे जुळतात. न जुळली, तर त्या रात्री तो वाद लवकर संपत नाही.